पोटातली चूल विझवू नका

यंदा शाळा सुरू झाली आणि आमच्या विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. मी शाळेत अर्धवेळ. मराठी आणि इतिहास शिकवते. पण माणसं अपुरी, म्हणून सातवीचे विज्ञानाचे तास माझ्या गळ्यात पडले. बी. ए. झालेल्या बाईनं विज्ञान शिकवायचं म्हणजे आदल्या रात्री आपणच आधी धडा पाठ करायचा! त्या दिवशी पचनसंस्था होती. मी फळ्यावर जठराची पिशवी काढली आणि सांगितलं, ह्या पिशवीत हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, त्यानं अन्न पचायला मदत होते आणि रोगजंतू मरतात.

दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, पोटात ॲसिड कामाचंच असतं, तर मग आमची आज्जी ते मारायची गोळी रोज सकाळी का खाते?"

सगळा वर्ग हसला. मी "उद्या सांगते हं" म्हणून वेळ मारून नेली. पण मला काही हसू आलं नाही. कारण तीच गोळी माझ्या सासूबाईंनी सहा वर्षं घेतली होती, आणि रोज सकाळी पाण्याच्या भांड्यासकट ती त्यांच्या हातात देणारी मीच होते. आमच्या घरात त्यातून काय झालं, ते आज तुम्हाला सांगायचं ठरवलं आहे. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडायला जरा संकोच वाटतो, पण सासूबाईच म्हणाल्या, "लिही गं, चार बायका तरी शहाण्या होतील."

आमचं घर सात रस्त्याजवळ. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, माहेर मंगळवेढ्याकडचं. खाणं म्हणाल तर ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, आमटी, एखादी पालेभाजी. अंडं घराच्या उंबऱ्याआत नाही. दूध म्हणाल तर चहापुरतं. दही रात्री बाधतं, दिवसा आंबट लागतं, म्हणून तेही सुटलेलं. सहा-सात वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे फार दुखायला लागले. डॉक्टरांनी दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या आणि त्या गोळ्यांनी पोटात जखम होऊ नये म्हणून सकाळी अनशापोटी घ्यायची आणखी एक गोळी दिली. त्यात चूक काहीच नव्हतं. चिठ्ठीवर मुदतही लिहिलेली होती, पंधरा दिवस.

दुखण्याच्या गोळ्या पुढं बंद झाल्या. ती सकाळची गोळी मात्र राहिली. चिठ्ठी कपाटाच्या खणात गेली आणि औषधाच्या दुकानातून महिन्याला तीन पट्ट्या आणायचा नेम पडला. दुकानदार विचारत नव्हता, आम्ही सांगत नव्हतो. एखाद्या दिवशी गोळी चुकली की सासूबाईंच्या छातीत जळजळायचं, मग आम्हालाच वाटायचं, बघा, गोळीशिवाय ह्यांचं चालतच नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या. आम्ही म्हटलं, वयच आहे. जीभ लाल होऊन चुरचुरायला लागली. म्हटलं, उष्णता. सोलापूरचा उन्हाळा काय साधा असतो? आमटीत दोनदा मीठ पडलं, गॅसवर दूध ठेवून त्या देवळात गेल्या. ह्यांनी चिडून "आई, लक्ष कुठं असतं तुझं?" म्हटलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पाहिलं. तरीही आम्ही वयावरच ढकललं. मग एक दिवस सिद्धेश्वराच्या देवळातून परत येताना त्यांच्या एका पायात चप्पलच नव्हती. वाटेत कुठं गळाली, त्यांना कळलंसुद्धा नाही. पायाला फुफाटा भाजत होता तेही कळलं नाही. त्या दिवशी मात्र मी घाबरले.

ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आधी पाय तपासले, मग विचारलं, "रोज कुठल्या गोळ्या घेता?" मी पिशवीतली पट्टी पुढं केली. "किती दिवस झाले?" मी म्हटलं, "दिवस नाही हो, सहा वर्षं." त्या काही बोलल्या नाहीत. रक्त तपासायला सांगितलं. ब-१२ जीवनसत्त्व निदान २०० तरी हवं, ते ११२ आलं.

हे आम्ल करतं तरी काय?

आपण बायका 'ॲसिडिटी' हा शब्द इतक्या वेळा वापरतो, की ॲसिड म्हणजे पोटात शिरलेला कुणी चोर आहे असं वाटायला लागतं. खरं तर तो घरचा माणूस आहे. आपलं जठर दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर पाचकरस तयार करतं. त्यातलं आम्ल इतकं जहाल, की लिंबाच्या रसाच्या पंक्तीत बसावं, किंबहुना त्याच्याही वर. जठराच्या आतून बुळबुळीत थराचं अस्तर असतं आणि ते सतत नवं होत राहतं, म्हणून पिशवी स्वतः जळत नाही.

ह्या आम्लाची कामं कोणती? पहिलं काम डाळी, दूध, अंडी ह्यांतली प्रथिनं मोकळी करण्याचं. आमटीची डाळ आपण आधी शिजवून घोटतो ना, तसंच. दुसरं काम पहारेकऱ्याचं. पाण्यातून, शिळ्यापाक्यातून आलेले पुष्कळसे जंतू इथंच मरतात. तिसरं काम लोहाचं. मेथी, राजगिरा, ज्वारी ह्यांतलं लोह आम्लाशिवाय नीट विरघळत नाही आणि अंगी लागत नाही. चौथं चुन्याचं, म्हणजे कॅल्शियमचं. आपण ज्या साध्या कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळ्या घेतो त्यांना आम्ल लागतं, म्हणून त्या जेवणाबरोबर घ्यायच्या असतात.

आणि पाचवं काम ब-१२ चं. हे जीवनसत्त्व दुधातल्या, अंड्यातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून पोटात येतं. आम्ल आणि पाचकरस त्याची सोडवणूक करतात. मग जठरातूनच निघणारा एक खास पदार्थ त्याला बोटाला धरून लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकापर्यंत पोचवतो आणि तिथं ते रक्तात जातं. आम्ल नसेल तर पहिलीच गाठ सुटत नाही. मज्जातंतू आणि रक्त ह्या दोहोंना ब-१२ लागतं. म्हणून पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरणं, थकवा, लाल जीभ. यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरेल इतका असतो, म्हणून नुकसान लगेच दिसत नाही. दिसतं तेव्हा आपण म्हणतो, वय झालं!

आपल्याकडे हा साठाच मुळात तोकडा असतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ पुरुष त्यांनी तपासले. त्यांच्यात ६७ टक्क्यांना ब-१२ कमी होतं आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांना. ही माणसं काही म्हातारी नव्हती, चाळिशीच्या आसपासची होती. शाकाहारी लोकांत कमतरता जास्त होती, कारण ब-१२ भाजीत नाही, डाळीत नाही, धान्यात नाही. शाकाहाऱ्याला ते दुधादह्यातूनच मिळायचं.

पाहणी पुरुषांची होती, पण मैत्रिणींनो, आपल्या घरात दूध कुणाच्या वाट्याला येतं ते जरा आठवा. आधी मुलं, मग पुरुष, मग उरलं तर विरजण. सासूच्या आणि सुनेच्या वाट्याला साय काढलेला चहा! आधीच तोकडा साठा, त्यात ती गाठ सोडवणारं आम्ल गोळीनं दाबलेलं. १९१३ नव्हे हो, अगदी अलीकडे २०१३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या हजारो लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा ही आम्ल दाबणारी गोळी दोन वर्षं किंवा जास्त घेणाऱ्यांत ब-१२ च्या कमतरतेचं प्रमाण सुमारे ६५ टक्क्यांनी अधिक आढळलं. गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला हे होतं असं नाही, पण म्हाताऱ्या, शाकाहारी माणसानं सावध राहावं एवढं नक्की.

वय झालं की आम्ल आटतं का?

माझाही समज हाच होता. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जठर निरोगी असेल तर सत्तरीतही आम्ल बऱ्यापैकी तयार होतं. काही जणांचं अस्तर मात्र वर्षानुवर्षांच्या सुजेनं झिजतं आणि मग आम्ल खरंच कमी होतं. त्या सुजेचं मोठं कारण एक जंतू आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ गावी रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल ह्या दोघांनी १९८२ साली तो जठरात शोधून काढला. कुणाचा विश्वास बसेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शलनी चक्क त्या जंतूंचा पेला पिऊन स्वतःचं जठर सुजवून दाखवलं! २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या देशात हा जंतू घरोघरी, बहुधा लहानपणीच पोटात शिरतो. पोटाचं दुखणं पुन्हा पुन्हा उलटत असेल तर त्याची तपासणी करता येते आणि औषधांनी तो जातो.

मग म्हातारपणी छातीत जळजळतं ते का? इथंच माझी खरी चूक होती. मी समजत होते, आम्ल जास्त झालं. पुष्कळदा ते जास्त झालेलं नसतंच, चुकीच्या जागी आलेलं असतं. अन्ननलिका जिथं जठराला मिळते तिथं एक झडप असते. वाढत्या वयानं, पोट सुटल्यानं, भरपेट जेवून लगेच आडवं झाल्यानं ती सैल पडते आणि आतलं आम्ल वर चढतं. जठराला अस्तर आहे, नळीला नाही, म्हणून तिथं आग होते. चुलीचा धूर घरात कोंडला तर आपण धुराडं साफ करतो, चुलीत पाणी ओतत नाही. आम्ही सहा वर्षं पाणीच ओतत होतो.

सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, जठराग्नी म्हणतात तो हाच की! गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंतानं स्वतःला पोटातला अग्नी म्हटलंय. रोज जेवायच्या आधी म्हणते मी, आणि सकाळी उठून तोच विझवत होते होय?"

गोळी सुटली कशी?

एकदम नाही सुटली, आणि एकदम सोडायचीही नसते. गोळी अचानक थांबवली की दाबलेलं आम्ल काही दिवस जोरानं उसळतं. २००९ साली डेन्मार्कमध्ये १२० निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला. पोटाची काही तक्रार नसलेल्या ह्या लोकांपैकी काहींना आठ आठवडे ही गोळी देऊन मग थांबवली. थांबवल्यावर त्यांच्यातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर सुरू झाले. ज्यांना मुळात नुसती दिखाऊ गोळी दिली होती, त्यांच्यात हे प्रमाण १५ टक्के होतं. म्हणजे चांगल्या माणसांना गोळीनंच गोळीची गरज लावली! सासूबाईंची एक दिवसाची जळजळ पाहून आम्ही जो अर्थ काढत होतो, तो असा उलटा होता.

डॉक्टरीणबाईंनी आधी मात्रा निम्मी केली, मग एक दिवसाआड, असं करत सुमारे दोन महिन्यांत गोळी बंद केली. ब-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली. जीभ पंधरा दिवसांत बरी झाली. थकवा गेला. विसरणंही पुष्कळ कमी झालं. परवा त्यांनीच मला दूधवाल्याचा हिशेब चुकलेला दाखवला. पायाच्या मुंग्या मात्र अर्ध्या राहिल्या आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार दिवस उपाशी राहिलेले मज्जातंतू सगळेच परत येतील असं सांगता येत नाही. वर्षभर आधी आला असतात तर बरं झालं असतं.

त्या वर्षभराचं मला फार लागून राहिलं आहे. मी शिकलेली, रोज फळ्यासमोर उभी राहणारी. मुलांच्या वहीतली काना-मात्रेची चूक मला लांबून दिसते. पण चिठ्ठीवरचे 'पंधरा दिवस' हे दोन शब्द मी सहा वर्षं वाचले नाहीत.

शेजारच्या अक्कांना हे सांगितलं. त्या तेलुगू, पण सोलापुरी मराठी फर्डं बोलतात. म्हणाल्या, "वैनी, आमच्याकडं बी तसंच चाललंय की! मामंजींचा डबाच हाय गोळ्यांचा. बंदच करून टाकते आजपासून!" मी म्हटलं, "अक्का, थांबा! आधी डॉक्टरांना दाखवा." आणि झालंही तसंच. मामंजींना हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि पूर्वी पोटात जखम होऊन रक्त गेलेलं आहे. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, ह्यांची गोळी चालूच ठेवायची. तेव्हा मैत्रिणींनो, हा लेख वाचून कुणाची गोळी आपल्या हातानं बंद करू नका. ज्याला खरी गरज आहे त्याचा ती जीव वाचवते.

आमच्या घरात केलेले बदल

१) रात्रीचं जेवण साडेसातला, निजणं साडेदहाला. जेवण आणि अंथरूण ह्यांत निदान दोन-तीन तास.

२) पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या, वीतभर उंची येईल इतक्या. नुसत्या दोन उशा घेऊन उपयोग नाही. त्यानं पोट दुमडतं. डाव्या कुशीवर निजल्यानंही बरं वाटतं.

३) भाकरी दोनाच्या ऐवजी दीड, आणि चार वाजता थोडं काहीतरी. पोट एका वेळी गच्च भरायचं नाही. शेंगाचटणी बंद केली नाही; सोलापुरात ते जमायचंही नाही! पण रात्री तेल ओतून खाणं बंद केलं. तळण, मिसळ, भजी दुपारी.

४) पालेभाजीवर, आमटीत लिंबू पिळायचं. त्यानं लोह अंगी लागतं. ज्याला लिंबानं जळजळतं त्यानं आवळा थोडासा करून पाहावा. चहा जेवणाला चिकटून नको. तो लोह अडवतो. तास-दीड तास जाऊ द्यावा.

५) सासूबाईंना दुपारच्या जेवणात वाटीभर ताजं दही आणि रात्री पेलाभर दूध, जेवणाबरोबरच. आधी त्यांच्या वाटीत वाढते, मग मुलांच्या. माझीही एक वाटी ठरवली आहे. तरी नुसत्या दुधानं खड्डा भरत नाही. इंजेक्शन किंवा गोळी डॉक्टर सांगतील तशी घ्यावीच लागते.

६) जळजळलं की खायचा सोडा पाण्यात टाकून प्यायची सवय मोडली. त्यात सोडियम पुष्कळ. रक्तदाब असलेल्याला ते बाधतं.

ह्या वेळी थांबू नका

घास गिळताना अडकतो, वजन आपोआप उतरतं, शौचाला डांबरासारखं काळं होतं, उलटीत रक्त दिसतं, तर घरगुती उपाय करत बसू नका. आणि छातीत दाटून येऊन घाम फुटला, दम लागला, कळ हातात, पाठीत किंवा जबड्यात गेली, तर ती 'ॲसिडिटी' समजून गोळी देऊ नका, तडक दवाखाना गाठा. बायकांच्या हृदयविकाराची लक्षणं पुष्कळदा अशीच पोटाच्या दुखण्यासारखी असतात, आणि आपण बायका तर ओटा आवरल्याशिवाय निघत नाही!

साठीच्या पुढच्या शाकाहारी माणसाला मुंग्या, थकवा, विसरणं ह्यांतलं काही असेल, किंवा ही गोळी दोन-तीन वर्षं चालू असेल, तर ब-१२ ची रक्तचाचणी करायची का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनीही विचारावं. त्यानंही ब-१२ कमी होतं.

हो, त्या मुलीला उत्तर द्यायचं राहिलं होतं ना? दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळं सांगितलं, अगदी आमच्या घरची चप्पल गळाल्याची गोष्टसुद्धा. म्हटलं, "घरी जाऊन आज्जीला एवढंच विचार, की ही गोळी कुणी दिली, कशासाठी दिली आणि किती दिवसांसाठी." आठवड्यानं ती धावत आली. "बाई, आज्जीला आठवतच नाही कुणी दिली ते! उद्या बाबा तिला डॉक्टरकडं न्यायलेत."

तुम्हीही आज जेवणं आटोपली की औषधांचा खण उघडा. प्रत्येक पट्टीला तेच तीन प्रश्न विचारा, आणि ज्या पट्टीचं उत्तर सापडणार नाही ती पिशवीत घालून डॉक्टरांपुढं ठेवा. चिठ्ठी सापडली तर ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचा. मी वाचली नाही, म्हणून सांगते.